काकवीचा वास: एका हीटर कोरचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, फुलेवाडीचे एक सर शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजला गाडी घेऊन आले. 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख बारा हजार किलोमीटर चाललेली. सर कळे गावाच्या पुढं एका हायस्कूलला विज्ञान शिकवतात. म्हणजे रोजचा गगनबावडा रस्ता, आणि तिकडचा पाऊस कसला असतो ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. तक्रार त्यांनी एका दमात सांगितली, "मिस्त्री, काच पुसून पुसून हात भरून येतोय. समोरचं काही दिसत नाही."

बरोबर त्यांच्या आई होत्या, डावीकडच्या सीटवर बसून आलेल्या. उतरल्या, लुगड्याचा ओला काठ पिळला आणि म्हणाल्या, "गाडीत कुणीतरी काकवी सांडलीया. ह्यो न्हाई म्हणतोय. मला वास येतोय की."

निदान आज्जींनीच करून टाकलं होतं. जुलैत गुऱ्हाळं बंद असतात, तेव्हा रस्त्याकडच्या गुऱ्हाळाचा वास आत शिरला म्हणावं तर तेही शक्य नव्हतं. बंद गाडीत, काचा वर असताना, काकवीसारखा गोड आणि जरा घशाला लागणारा वास येतो तो कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, आणि अशा कूलंटचा वास गोडसर येतो. ते केबिनमध्ये यायची नेहमीची वाट ही: डॅशबोर्डच्या आत बसलेली हीटरची जाळी, म्हणजे हीटर कोर.

हे सगळं लिहून काढतोय त्याला कारण आहे. आपल्याकडं हीटर म्हणजे शिमला-मनालीची चैन, कोल्हापुरात त्याचं काय काम, असं धरून चालतात. गळला की हीटरचे दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, एकमेकांना जोडून बायपास मारतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्या बायपासची किंमत पुढच्या पावसाळ्यात घाटात मोजावी लागते, आणि ती पैशात नसते.

तीन महिने काय काय झालं

सर शिस्तीचे. वहीत नोंदी होत्या. एप्रिलअखेरपासून कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली जायला लागली, आठ-दहा दिवसांला साधारण अर्धा लिटर. गाडीखाली थेंब नाही. मे महिन्यात डावीकडचं मॅट ओलसर लागलं. एका ठिकाणी दाखवलं, त्यांनी एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय म्हणून ती साफ करून दिली. पंधरा दिवसांनी मॅट परत ओलं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, कूलंट कमी होतंय आणि बाहेर गळत नाही म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, गेलंय, हेड उघडावं लागेल. तिसऱ्यानं मात्र ओळखलं की हीटर गळतोय, आणि अर्ध्या तासात बायपास मारून देतो म्हणाला. सरांना ते पटलं नाही. "जो भाग कंपनीनं दिलाय तो काढून टाकायचा म्हणजे कुठलं तरी काम बंद पडणारच की," असं त्यांचं म्हणणं. बरोबर होतं.

पहिल्या माणसाला मी दोष देणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर डावीकडचा गालिचा ओला असेल तर एसीची नळी हाच पहिला संशय. दुसरा संशय काचेखालच्या जाळीतून किंवा दाराच्या रबरातून येणाऱ्या पावसाच्या पाण्यावर. कूलंट हा तिसरा. तिन्हींमधला फरक ओळखायला मशीन लागत नाही. पांढरा टिश्यू पेपर गालिच्यावर दाबून धरायचा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो. पावसाचं पाणी मातकट. कूलंट असेल तर कागदाला रंग येतो आणि तो दोन बोटांत चोळला की बुळबुळीत लागतो, साबण नीट न धुतलेल्या ताटासारखा. सरांच्या गालिच्यावर कागद दाबला. पिवळट हिरवा डाग, बुळबुळीत. समोरच्या काचेवर आतून बोट फिरवलं तर बोटाला तेलकट थर आला. काच ओल्या फडक्यानं पुसली की चकाके आणि पाच मिनिटांत परत धुरकट होई, ती या थरामुळं. कूलंटची वाफ ब्लोअरच्या वाऱ्याबरोबर येऊन काचेवर बसत होती आणि पुसताना सर तोच थर पसरवत होते.

जाळी काय करते

हीटर कोर म्हणजे छोटा रेडिएटर. वहीच्या पानाएवढा, दोन-तीन बोटं जाड. इंजिनचं तापलेलं कूलंट एका होजमधून फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत, ओलांडून आत येतं, जाळीतल्या बारीक नळ्यांतून फिरतं आणि दुसऱ्या होजमधून इंजिनकडं परत जातं. ब्लोअरची हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलवरून जाते आणि मग या जाळीवरून.

हा क्रम पावसाळ्यात फार कामाचा. कूलिंग कॉइलवर हवेतली ओल पाणी होऊन गळून पडते, हवा कोरडी होते. नंतर तीच कोरडी हवा जाळीवर गरम होते आणि काचेवर फेकली जाते. कोरडी आणि गरम हवा काच जितक्या लवकर साफ करते तितकी दुसरी कुठलीच करत नाही. नुसता एसी लावून काच साफ करणारे बरेच जण आहेत. आतून होते साफ, पण काच इतकी गार पडते की बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरच्या बाजूनं धुकं धरते. वायपर बंद असताना तर काहीच दिसत नाही. हीटर बायपास केलेल्या गाडीत एवढाच एक उपाय उरतो. रात्री गगनबावड्याजवळ, समोरून एखादी मोठी गाडी येत असताना, तो पुरत नाही.

तपासणी

इंजिन रात्रभर गार होऊ दिलं. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. आतलं कूलंट दाबाखाली असतं, झाकण फिरवताच उकळून तोंडावर येतं. सकाळी झाकण काढलं आणि मी जरा वेळ बघतच राहिलो. आत हिरवं नव्हतं, केशरी नव्हतं. ताक घुसळून ठेवल्यासारखं पिवळट, गढूळ. तोंडाच्या कडेला पांढरा कडक थर, नखानं निघेना.

"सर, ह्यात काय ओतलंय?"

सर थोडे थांबले. दोन वर्षांमागं मे महिन्यात भुईबावड्याच्या बाजूला रेडिएटरनं वाफ धरली होती. एका ढाब्यावरच्या माणसानं मूठभर हळद टाकली, गळती थांबली, गाडी घरी आली. त्यानंतर कुणी फ्लश केलं नाही. लागेल तसं घरच्या बोअरचं पाणी, आणि गेल्या वर्षी वरून एक लिटर हिरवं कूलंट.

हळदीचा हा उपाय आपल्या भागात सर्रास चालतो, सांगली हाकेच्या अंतरावर असल्यावर हळदीला तोटा नाही. रस्त्यात अडकलेल्या माणसाला तो घरी पोचवतो हेही खरं. हळद पाण्यात विरघळत नाही, तिचा कण फुगतो आणि भेगेत जाऊन बसतो. पण त्या कणाला भेग कुठली आणि जाळीची नळी कुठली हे कळत नाही. रेडिएटरपेक्षा हीटरच्या नळ्या बारीक, आणि तिथं प्रवाहही हळू, म्हणून गाळ आधी तिथंच बसतो. घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात सगळं पाणी काढून धुवायला हवं होतं. त्यावर बोअरचं जड पाणी. ज्या पाण्यानं पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो त्याच पाण्यातले क्षार गरम इंजिनमध्ये जागोजागी बसतात, आणि कूलंटमध्ये धातू राखण्यासाठी घातलेली रसायनंही पातळ होतात.

पहिलं काम हेड गॅस्केटचा संशय मिटवण्याचं. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी बसवून इंजिन चालवलं. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत ते द्रावण पिवळं पडतं. दहा मिनिटं निळंच राहिलं. हेड उघडायची गरज नव्हती. सरांचा खांदा तेवढ्यानंच सैल झालेला दिसला.

मग दाबाची चाचणी. झाकणावर 0.9 लिहिलेलं, तेवढाच दाब हातपंपानं दिला. त्याच्यावर जायचं नाही, नाहीतर चांगला भागही फुटतो. दहा मिनिटांत काटा 0.9 वरून 0.5 वर. बाहेर कुठंच थेंब नाही. ग्लोव्ह बॉक्स काढून बॅटरीच्या उजेडात हीटरचे पाइप बघितले. ही पायरी टाळू नका. पुष्कळदा जाळी चांगली असते आणि पाइपच्या जोडावरची रबरी रिंग तेवढी गेलेली असते. शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी लोक डॅशबोर्ड उतरवून बसतात. इथं जोड कोरडा होता. ओल जाळी बसते त्या डब्याच्या खालच्या सांध्यातून झिरपत होती.

आता खात्री. फायरवॉलजवळ हीटरचे दोन्ही होज काढले, मध्ये एक पाइप टाकून एकमेकांना जोडले आणि परत 0.9 चा दाब दिला. अर्धा तास काटा जागचा हलला नाही. म्हणजे गळती जाळीतच. जो बायपास इलाज म्हणून विकला जातो तो मी असा वापरतो: तासाभराच्या तपासणीला, किंवा सुटा भाग मिळेपर्यंत दोन दिवसांच्या सोयीला.

एक गोष्ट अजून खटकत होती. हळद आणि क्षार नळ्या बुजवतात, पण जाळीला भोक पाडायला आणखी काहीतरी लागतं. मल्टिमीटर घेतला. काळी तार बॅटरीच्या मायनसला, लाल तारेचं टोक रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. सगळं बंद असताना 0.1 व्होल्ट. एकेक दिवा लावत गेलो. फॉग लॅम्प लावले आणि आकडा 0.45 वर गेला. आमच्या कामात 0.3 च्या वर गेलं की ॲल्युमिनियमच्या भागांची खैर नाही असं धरतात. धुक्यासाठी म्हणून सरांनी हे दिवे गेल्या वर्षी बाहेरून बसवून घेतले होते, आणि त्यांची अर्थिंगची तार रेडिएटरच्या ब्रॅकेटच्या गंजक्या बोल्टला आवळलेली. वीज बॅटरीकडं परत जायला वाट शोधत होती, ती तिला कूलंटमधून मिळाली. अशी वीज ॲल्युमिनियम आतून कुरतडत नेते. इंजिनची मुख्य अर्थ पट्टीही हिरवी पडली होती. हे तपासलं नसतं तर नवी जाळी वर्षा-दोन वर्षांत पुन्हा गेली असती आणि बोल माझ्यावर आला असता.

दुरुस्ती का नाही

सरांनी विचारलं, जुनीच झाळून होणार नाही का? जुन्या गाड्यांत तांब्या-पितळेच्या जाळ्या यायच्या, रेडिएटरवाले त्या डाग देऊन दहा वर्षं चालवायचे. आताची जाळी पातळ ॲल्युमिनियमची, आतून कुरतडलेली. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं, आणि प्रत्येक वेळी डॅशबोर्ड काढायचा. गळती थांबवायच्या बाटल्या मिळतात, त्यांची जात हळदीचीच. मी घालत नाही.

नवी जाळी दोन प्रकारची मिळत होती, कंपनीची आणि बाजारातली. बाजारातली निम्म्या पैशात. दोन्ही मागवून शेजारी ठेवल्या. बाजारातलीचे पत्रे विरळ, आणि एका पाइपचा वाक चार-पाच मिलिमीटरनं वेगळा. तेवढ्या फरकानं होजवर ताण येतो. कंपनीची घेतली. जिथं भाग तीन-चार हजारांचा आणि मजुरी त्याहून जास्त, तिथं भागात पैसे वाचवणं मला कधीच पटलेलं नाही.

काम

बॅटरीची मायनस काढली आणि दहा मिनिटं गाडीला हात लावला नाही, एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेला चार्ज उतरावा म्हणून. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात, ते या आधी ओढू नयेत.

कूलंट परातीत काढून घेतलं, गटारात नाही. हे मी गॅरेजमधल्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. लहान मुलांचंही तेच. आमच्या बोळात कुत्रीनं तेव्हा चार पिल्लं घातलेली होती. झाकणाच्या डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून वरच्या फळीवर ठेवलं.

जाळीत राहिलेलं कूलंट एका पाइपात हलकी हवा मारून दुसऱ्यातून बादलीत घेतलं. नाहीतर काढताना ते सगळं गालिच्यावर सांडतं. होज कडक झाले होते. ते ओढून-पिळून काढायला गेलं की पाइपची मुंडीच मोडते. होज नवे घालायचेच होते, ब्लेडनं उभे चिरून सोलून काढले.

डॅशबोर्ड निम्मा सैल करून मागं ओढावा लागला. स्टिअरिंग कॉलमचे नट, मधला कन्सोल, दोन्ही बाजूंचे खांब. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो, आणि स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, प्रत्येक खळग्याला नंबर. या गाडीत जाळी डब्याच्या बाजूनं सरकवून काढता येते, एसीचे पाइप उघडावे लागत नाहीत. बऱ्याच गाड्यांत अख्खा डबा उतरवावा लागतो. तिथं एसीचा गॅस मशीननं काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. गाडी बघितल्याशिवाय या कामाची मजुरी सांगता येत नाही, ती यासाठी.

जाळी बाहेर आली तेव्हा खालच्या कोपऱ्यातला फोम चिकट, काळा, पिळला तर थेंब पडेल असा. सर शाळेतून सुटून आले होते. म्हणाले, "ही कापून बघता येईल?" हॅक्सॉनं मधोमध कापली.

आतल्या नळ्या चपट्या असतात, तोंड जेमतेम काडीपेटीच्या काडीएवढं. निम्म्याहून जास्त नळ्या भरलेल्या. वर पांढरा क्षार, त्याच्या आत पिवळी माती, आणि ती सुईनं उकरली तर अजून हळदीचा रंग सुटत होता, कागदावर पिवळी रेघ उठली. कूलंट आत येतं त्या बाजूच्या टाकीच्या कोपऱ्यात पत्रा सुईनं टोचल्यासारखा झाला होता. उजेडाला धरला तर तीन ठिकाणी प्रकाश आरपार. सरांनी ते भिंग घेऊन बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नववीच्या पोरांना दाखवतो. जड पाणी आणि विद्युत अपघटन, दोन्ही धडे एकाच तुकड्यात." एक अर्धा त्यांनी नेला.

नवी जाळी लगेच बसवली नाही. इंजिन तसंच गढूळ ठेवून नवी जाळी घालणं म्हणजे नव्या कापडात जुना चिखल बांधणं. थर्मोस्टॅट काढला, रेडिएटर उतरवला, इंजिन ब्लॉक आणि रेडिएटर उलट्या दिशेनं, कमी दाबाच्या पाण्यानं धुतले. सातव्या खेपेला पाणी नितळ आलं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा वापरला नाही. कॉस्टिक तर अजिबात नाही. ते ॲल्युमिनियम खातं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानं, साध्या पाण्याचा अंश राहू नये म्हणून.

नवी जाळी बादलीत बुडवून, एक पाइप बंद करून, साधारण एक किलो हवा दिली. बुडबुडा नाही. भाग नवा असला तरी मी ही चाचणी सोडत नाही, कारण बसवल्यावर गळका निघाला तर दोन दिवसांचं काम पुन्हा. कडेनं नवी फोमपट्टी चिकटवली. ती नसेल तर हवा जाळीतून जायच्या ऐवजी कडेनं निसटते आणि हीटर कोमट लागतो. नवे होज, नवे क्लिप, नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण. झाकणाला लोक विसरतात. त्याच्यावर दाब टिकतो म्हणून निम्मं-निम्मं कूलंट आणि पाणी सव्वाशे अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल असेल तर ते 107-108 अंशांनाच उकळायला लागतं.

फॉग लॅम्पची अर्थिंग थेट बॅटरीच्या मायनसला नेली, रिलेसकट. इंजिनची अर्थ पट्टी घासून चकचकीत केली. नवं कूलंट भरल्यावर पुन्हा मल्टिमीटर लावला: सगळे दिवे चालू असताना 0.06.

भरतानाही घाई चालत नाही. पुढची चाकं फळ्यांवर चढवली म्हणजे रेडिएटरचं तोंड सर्वात उंच आलं. हीटरची फिरकी पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन चालू. बुडबुडे येत राहिले, तसं थोडं थोडं भरत गेलो. डॅशबोर्डमागं झऱ्यासारखी खळखळ ऐकू येत होती, ती हवा अडकल्याची खूण. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला, खळखळ थांबली. फायरवॉलजवळ दोन्ही होजना हात लावला: दोन्ही गरम, परतीचा किंचित कमी. एक गरम आणि एक गार असता तर जाळीतून कूलंट फिरत नाही असं समजायचं. डॅशबोर्डवर हवा येते त्या मधल्या तोंडाशी थर्मामीटर धरला, 58 अंश.

गालिचा हा मात्र वेगळाच त्रास. त्याच्याखालचा फोम स्पंजासारखा कूलंट पिऊन बसला होता. तसाच ठेवला असता तर वास कधीच गेला नसता, आणि तळाचा पत्रा गंजला असता तो वेगळा. ग्लायकॉल पाण्यात विरघळतं, म्हणून दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन काढता येतं. पण जुलैत कोल्हापुरात वाळवायचं कुठं? शेजारच्या फौंड्रीत वाळूचे कोअर भाजायची भट्टी आहे. मालकांना विचारलं, त्यांनी भट्टीच्या मागच्या भिंतीला फोम टांगू दिला. दीड दिवसात खडखडीत. उद्यमनगरात गॅरेज असण्याचा हा फायदा दुसरीकडं मिळणार नाही. केबिन फिल्टर बदलला, काच आतून दोनदा साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरड्या कापडानं पुसली.

सगळं मिळून बिल साडेतेरा हजारांच्या आत बसलं, त्यात रेडिएटर धुण्याची मजुरीही आली. हेड उघडायला सांगितलेली रक्कम याच्या दुपटीच्या जवळ होती, आणि गळती तिथं नव्हतीच.

सरांना लिहून दिलेलं

जाताना सर म्हणाले, पुढं काय काळजी घ्यायची ते वहीत सांगा. मी सांगितलं तसं त्यांनी लिहून घेतलं.

कूलंटची पातळी सकाळी, गार इंजिनवर बघायची, महिन्यातून दोनदा. कमी झालं तर बोअरचं पाणी नाही. तयार मिश्रण, किंवा कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. दोन रंगांचं एकत्र करायचं नाही. रंग हा काही नियम नाही, आतली रसायनं वेगळी असतात आणि काही एकमेकांत मिसळली की चिकट गाळ धरतात, म्हणून बाटलीवरचा प्रकार बघायचा. साध्या हिरव्या प्रकाराचं दोन वर्षांनी बदलायचं, जास्त टिकणाऱ्याचं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तसं.

दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, एक दहा मिनिटांची परीक्षा. इंजिन गरम करून हीटर पूर्ण लावायचा. हवा चांगली गरम येते का, गोड वास येतो का, काचेवर थर येतो का, दोन्ही होज गरम लागतात का. मे महिन्यात कोल्हापुरात हीटर लावायचा हे ऐकून लोक हसतात. पण ज्याला हीटरची गरज जूनच्या पहिल्या घाटात लागणार आहे त्यानं तो मे महिन्यातच बघायला हवा. काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर व्हॉल्व्ह असतो. तो वर्षभर बंद राहिला तर आतलं कूलंट जागेवर सडतं. अशा गाडीत आठवड्यातून एकदा पाच मिनिटं हीटर लावावा. या सरांच्या गाडीत व्हॉल्व्ह नाही, कूलंट सतत फिरतं, फक्त हवेची झडप फिरते, म्हणून त्यांना ते लिहून दिलं नाही.

आणि रस्त्यात वाफ धरलीच, हळद टाकावीच लागली, तर टाका. घरी सुखरूप या. पण त्याच आठवड्यात माझ्याकडं या.

ऑगस्टच्या शेवटाला सर परत आले, आज्जीही होत्या. कूलंटच्या बाटलीवर मी मार्करनं जी रेघ ओढली होती तिच्याच जाडीत पातळी होती. पहिल्या आठवड्यात जरा उतरली तेवढीच, उरलीसुरली हवा निघून गेली असणार. आज्जींनी सीटवर बसल्या बसल्या दोनदा श्वास ओढून बघितला. "आता न्हाई येत," म्हणाल्या. सर म्हणाले, असळजजवळ परवा रात्री ढग रस्त्यावर उतरले होते, एसी आणि हीटर दोन्ही लावले, काच मिनिटाभरात साफ.

एक गोष्ट राहिलीय. रेडिएटर धुतला तेव्हा खालच्या चार-पाच नळ्यांतून पाणी मोकळं जात नव्हतं. पावसाळ्यात गाडी तापत नाही म्हणून आत्ता चालून जाईल, पण पुढच्या उन्हाळ्यात घाट चढताना काटा वर येईल. दिवाळीनंतर रेडिएटर बदलायचा असं ठरलंय. तारीख सरांनी वहीत लिहिलीय, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर.